वाचकांचे प्रश्न : गेम खपला, तरी स्टुडिओ का बुडतो?

प्रश्न : व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओला प्रकाशक कंपनी आधीच पैसे देते आणि पुढे विक्रीवर रॉयल्टीही देते, असे वाचले. तरीही गेम चांगला खपल्यावर काही स्टुडिओ बंद का पडतात?

उत्तर : प्रकाशक देतो ती रक्कम बहुतेक करारांत रॉयल्टीपोटी दिलेली उचल असते, आणि ती फिटेपर्यंत स्टुडिओला रॉयल्टीचा एक पैसाही मिळत नाही. ही उचलही एकरकमी हाती पडत नाही. नमुना, अल्फा, बीटा असे टप्पे, म्हणजे माइलस्टोन, ठरलेले असतात. प्रत्येक टप्प्याचे काम प्रकाशकाने तपासून मंजूर केले की पुढचा हप्ता सुटतो. मंजुरी महिनाभर लांबली तरी पगार मात्र त्याच तारखेला द्यावे लागतात, आणि लहान स्टुडिओचा जीव इथेच मेटाकुटीला येतो.

खरी मेख मात्र उचल कोणाच्या वाट्यातून फेडायची या कलमात असते. समजा, उचल १० लाख डॉलर आहे आणि रॉयल्टी निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के. उचल स्टुडिओच्या २५ टक्क्यांतूनच वळती होणार असेल, तर ती फिटायला निव्वळ उत्पन्न ४० लाखांवर जावे लागते, आणि तोवरचे सगळे ४० लाख प्रकाशकाकडेच राहतात. तीच उचल एकूण निव्वळ उत्पन्नातून आधी वळती केली, तर ती १० लाखांवर फिटते आणि उरलेल्या ३० लाखांतून स्टुडिओला साडेसात लाख मिळतात. टक्केवारी दोन्हीकडे तीच असली तरी पहिल्या करारातल्या स्टुडिओकडे गेम बाजारात आल्यावर पगारालाही पैसे नसतात. शिवाय 'निव्वळ' ठरवताना दुकानाचा वाटा आधीच वजा होतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा मूळ दर ३० टक्के आहे, म्हणजे निव्वळ ४० लाखांसाठी सुमारे ५७ लाखांची विक्री लागते. त्यातून परतावे, कर आणि काही करारांत जाहिरातीचा खर्चही वजा केला जातो.

काही करारांत रॉयल्टीच नसते. ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी बनवलेल्या 'फॉलआउट : न्यू वेगास' (२०१०) या गेमसाठी ठरलेली रक्कम, आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शंभरपैकी ८५ गुण मिळाले तरच बोनस, अशी अट होती, हे ऑब्सिडियनचे ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. गुण मिळाले ८४. वर्षानुवर्षे खपलेल्या गेमचा मोबदला एका गुणावर अडावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

याउलट एपिक गेम्स या कंपनीने २०२० मध्ये, निर्मितीचा पूर्ण खर्चही आपण उचलू आणि तो वसूल झाल्यावर नफ्याचा किमान निम्मा वाटा स्टुडिओला देऊ, अशी योजना जाहीर केली. वसुलीला तिथेही वेळ लागतोच. म्हणून करार करणाऱ्याने टक्केवारीच्या आधी 'निव्वळ उत्पन्न' या शब्दांची व्याख्या वाचावी, आणि प्रकाशकाचे हिशेब तपासण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा.