मधली रात्र तू काढलीस

प्रश्न : ताई, मी एका चित्रकथामालिकेची जबरदस्त चाहती आहे. दोन वर्षं तिच्यातल्या पात्रांची चित्रं काढतेय, चार वह्या भरल्या. दादा म्हणतो, ही नक्कल आहे, स्वतःचं काहीतरी काढ. चित्रं लोकांना दाखवावीशी वाटतात, पण धीर होत नाही. सोबत एक चित्र पाठवते आहे. ही कला म्हणायची का? – एक वाचक, वय १९

उत्तर : तुझं चित्र आल्यापासून माझ्या टेबलावर उभं करून ठेवलंय. लढून दमलेली नायिका बूट न काढताच झोपली आहे, एक पाय पलंगाखाली लोंबतोय. तू लिहिलंयस की मूळ कथेत लढाई संपते आणि पान उलटलं की थेट सकाळ होते. म्हणजे मधली रात्र तू काढलीस. ती कोणाची नक्कल असेल?

तुझ्या वयाची असताना मला एका चित्रकथेतल्या दीपगृहाच्या राखणदाराने वेड लावलं होतं. अगदी दुय्यम पात्र, तिसऱ्या भागात येऊन पाचव्यात मरणारं. त्याच्या हातांत कायम हातमोजे. मला मात्र त्याचे हात बघायचे होते. मग स्वतःचा डावा हात समोर धरून मी ते काढत बसले. थंडीने फुटलेली बोटं, दोराने पडलेले घट्टे, काच पुसताना वळलेलं मनगट. हात काढायला मी त्या राखणदारापायी शिकले. वर्गात शिकवलेलं डोक्यात जात नव्हतं, कारण तिथले हात कुणाचेच नव्हते.

शेरलॉक होम्सची ती दोन्हीकडे झडप असलेली शिकारी टोपी आठव. कॉनन डॉयल यांनी १८९१च्या एका कथेत डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी एवढंच लिहिलं होतं. तिला तो आकार दिला सिडनी पॅजेट या चित्रकाराने. पॅजेट मासिकाने नेमलेला माणूस, तुझ्यामाझ्यासारखा हौशी नव्हे, हे खरं. पण आज त्या टोपीशिवाय होम्स डोळ्यांपुढे येत नाही. आणि हौशी मंडळींचंच म्हणशील तर टोकियोत डिसेंबर १९७५मध्ये हौशी चित्रकथाकारांचं पहिलं ‘कॉमिकेट’ संमेलन भरलं, तेव्हा स्वतः छापलेल्या चित्रकथा घेऊन ३२ गट आले होते, बघायला सुमारे ७०० माणसं. पुढे तिथे लाखोंनी गर्दी होऊ लागली.

दादाचं एक मात्र मान. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवलेलं सरावाच्या वहीतच राहू दे. ते ‘माझं’ म्हणून दाखवू नकोस. बाकीच्या प्रत्येक चित्राखाली मूळ निर्मात्याचं नाव लिही, मग तुझं आणि तारीख. एखाद्या फोटोवरून शरीराची ठेवण घेतली असेल तर तो काढणाऱ्याचंही नाव हवं. पात्रांवर हक्क मूळ निर्मात्याचा असतो, म्हणून विकायचा विचार आला तर आधी परवानगी विचार. आणि कथेचा शेवट उघड होत असेल तर तसं आधीच सांग, नवा वाचक हिरमुसतो.

चित्रासोबत चार ओळीही लिही. ‘खूप आवडलं’ म्हणून थांबू नकोस. कुठल्या चौकटीपाशी अडलीस, ती किती वेळा उघडून पाहिलीस, तिथे काय दिसलं, ते लिही. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की मूळ कथेतल्या एका चौकटीत नायिकेच्या एका बुटाची नाडी तुटलेली आहे आणि ते तू तिसऱ्या वाचनात टिपलंस. ते वाचून मी चित्र पुन्हा हातात घेतलं. डाव्या बुटाला नाडी नाही. ती तिने मनगटाला गुंडाळली आहे, आणि हे तर मूळ कथेतलं नाही ना?

पहिल्यांदा हेच चित्र दाखव. उशीजवळ खाडाखोड झालेली दिसते, ती तशीच असू दे.