वाचकांचे प्रश्न : आजीचे जाते आणि दाखल्यावरची तारीख

प्रश्न : माझी आजी नव्वदीला टेकली आहे. येत्या १ जूनला वडिलांची साठी असल्याने मी तिच्या आठवणी एका वहीत उतरवून घेत आहे. लग्नानंतर ती कराड तालुक्यातल्या सतरा माणसांच्या घरात आली. ती सांगते, की दोघी जावा मिळून रोज पहाटे दोन पायल्या जोंधळा दळत असत, आणि कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती जात्यावरच होती, वडील चार महिन्यांचे, पाळण्यात होते. तो सोमवार होता, कारण तिचा उपास होता, हेही ती ठासून सांगते. परंतु शाळेच्या दाखल्यावर वडिलांची जन्मतारीख १ जून १९६६ आहे, आणि चुलत आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे गावात तेव्हा पिठाची गिरणी आलेली होती. मग वहीत काय लिहावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आजी सांगतात तेच लिहावे, असे आम्हांला वाटते, आणि ते केवळ वडीलधाऱ्यांच्या मानाखातर नव्हे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. तो दिवस सोमवारच होता. पंचांग किंवा वर्तमानपत्र न चाळता जिला साठ वर्षांपूर्वीचा वार आपल्या उपासावरून आठवतो, तिच्या बाकीच्या सांगण्याकडेही त्याच विश्वासाने पाहायला हवे. शिवाय ती वेळ दळणाचीच आहे. कोंबडा आरवण्याआधी उठून, कंदिलाच्या उजेडात समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला दोघींनी हात घालायचा आणि मोकळ्या हाताने एकीने मूठमूठ दाणे वैरायचे, हा क्रम उजाडेपर्यंत चाले. पुढे सडा-सारवण, धारा, पाणी भरणे आणि रानात न्यायच्या भाकरी असत. अशा वेळी हात थांबवूनही खालची जमीन हलत राहिली असेल, तर ती आठवण पुसली जाणे कठीण आहे.

आता दाखल्याविषयी. महाराष्ट्रातल्या ज्या पिढीच्या घरात जन्माची नोंद कुणी वेळेवर केली नाही, त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि पहिलीत नाव घालताना वय पुरे भरेल अशी तारीख गुरुजी स्वतःच लिहून टाकत. आजींच्या हिशेबाने तुमचे वडील १९६७ च्या ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे श्रावणाच्या आसपास जन्मले. दाखल्यावरच्या १९६६ सालाचा अर्थ एवढाच, की जून १९७२ मध्ये ते सहा वर्षांचे दाखवले गेले असावेत, प्रत्यक्षात पाच वर्षेही पुरी नसताना. थोरल्या भावंडाबरोबर लहानग्यालाही शाळेत बसवण्याची रीत खेड्यांत सर्रास होती. तुमच्या घरी तसे घडले का, हे आजींनाच विचारा. नोकरी, निवृत्ती, निवृत्तिवेतन या सगळ्या कागदोपत्री व्यवहारांत अर्थातच दाखल्याचीच तारीख चालेल, तेव्हा ती बदलण्याच्या भरीस पडू नका. वहीत मात्र दोन्ही तारखा लिहा आणि कोणती कुठून आली तेही लिहा. (साठीचा सोहळा आजींच्या हिशेबाने करायचा तर सव्वा वर्ष थांबावे लागेल, पाहुण्यांना निमंत्रणे गेली असल्यास हा मुद्दा सध्या काढू नये.)

चुलत आजोबांचे म्हणणेही खोटे ठरत नाही. गिरणी गावात आली म्हणून जाते दुसऱ्या दिवशी परसात गेले, असे सहसा झाले नाही. इंजिन बिघडे, डिझेल नसे, दळणाला रोख पैसे लागत, आणि घरातले रोख पैसे सुनांच्या हाती नसत. गिरणीचा निर्णय घरातले पुरुष किंवा सासूबाई घेत, तर जात्यावरची पहाट सुनांच्या वाट्याला येई. म्हणून ‘गिरणी कधी आली’ हे चुलत आजोबांना विचारा, पण ‘आपले दळण गिरणीत कधीपासून जाऊ लागले’ हे आजींना विचारा. दोन उत्तरांमध्ये काही वर्षांचे अंतर निघाले, तर तुमच्या वहीतला सर्वांत मोलाचा मजकूर तोच असेल.

दोन पायल्यांचा आकडा तुम्हांला फुगवलेला वाटत असावा. चार शेरांची पायली, म्हणजे दोन पायल्यांचे आठ शेर होतात. पायली हे वजनाचे नव्हे तर भरून मोजायचे माप असल्याने तिचे सरसकट किलो करता येत नाहीत. जोंधळा आणि गहू यांचे वजन एकाच मापात वेगळे भरते. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी घरातले धान्य पुढे कितीतरी वर्षे मापट्यानेच मोजले गेले. तुमच्या माळ्यावर जुने मापटे सापडले, तर ते जोंधळ्याने शीग लावून भरा, वजन करा आणि सोळाने गुणा, कारण दोन मापट्यांचा एक शेर होतो. दुसऱ्या बाजूने पाहू. सतरांपैकी पाच मुले धरली, तर बारा मोठ्या माणसांच्या दोन वेळच्या साठ-सत्तर भाकरी आणि मुलांच्या दहा-पंधरा. एका भाकरीला शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ धरले, तर सात ते साडेदहा किलो पीठ रोज लागणारच. आजींनी आकडा वाढवलेला दिसत नाही.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. ‘त्या काळी कसे होते’ असे विचारले, की बहुतेक आज्या ‘बरे होते बाबा’ एवढेच म्हणतात. त्याऐवजी जात्याला टाकी लावायला, म्हणजे झिजलेला दगड टोचून खडबडीत करायला, कोण येई, दळताना दुसऱ्या बाजूला कोणती जाऊ बसे, पाळणा कुठल्या तुळईला टांगलेला होता, पंगत उठल्यावर बायकांच्या वाट्याला किती भाकरी उरत, असे विचारा. शेवटच्या प्रश्नाला त्या गप्प राहिल्या, तर तेही वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा.