एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवलेला असूनही विजेच्या वायरिंगमुळे आग लागू शकते का?

हो, लागू शकते. एमसीबी फक्त जादा करंट ओळखतो. सैल झालेल्या जोडात करंट नेहमीइतकाच असतो, पण रोध वाढल्याने तेवढीच जागा तापत राहते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्लग हाताला गरम लागला, सॉकेट काळपट पडला, जळका वास आला किंवा दिवे लुकलुकू लागले, तर मेन बंद करून त्याच दिवशी वायरमनला बोलवा. हे उद्यावर ढकलू नका, कळकळीने सांगतो.

ओव्हरलोड, म्हणजे वायरला झेपेल त्याहून जास्त करंट, हाही तितकाच धोकादायक. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. त्यामुळे हीटर, गीझर एक्स्टेंशन बोर्डवर नकोच. एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून जास्त अँपिअरचा बसवणे तर सर्वांत घातक: मग तो पडण्याआधी वायरच जळते. करंटच्या गळतीसाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवा.

ऑफिसात पॅनेलसमोर खोकी रचू नका. आग लागलीच तर पाणी अजिबात नको. जमल्यास मेन बंद करा, आग छोटी असेल तरच कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरा, नाहीतर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.