पहिली असाइनमेंट जाईपर्यंत

तुझा मेसेज वाचला. दूरशिक्षणाच्या नव्या बॅचचं ओरिएंटेशन तुझ्या गळ्यात पडलंय आणि तू ४० स्लाईडची पीपीटी करून ठेवलीयस, लॉगिन कसं करायचं, पासवर्ड विसरला तर काय, व्हिडिओ कुठे सापडतात वगैरे. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. दोन तास बोलले, मुलं माना डोलवत होती आणि महिन्याभरात त्यातली कितीतरी दिसेनाशी झाली. पोर्टल त्यांना येत होतं गं, ते बटणं दाबून दाबून जमतंच, अडलं ते पहिली असाइनमेंट पाठवण्यापाशी. गळती बरीचशी तिथेच होते, काहीतरी लिहून पाठवायच्या आधीच, म्हणून तुझं सगळं बळ त्या एका गोष्टीवर लाव.

दूरशिक्षण काही इंटरनेटमुळे सुरू झालेलं नाही. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन टपालाने शॉर्टहँड शिकवायचा, विद्यार्थी उतारे करून पाठवायचे आणि तो चुका दुरुस्त करून परत पाठवायचा. त्याच वर्षी तिथे एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं होतं, म्हणून हे परवडलं. व्हिडिओ नाही, लाईव्ह लेक्चर नाही, नुसती कागदाची ये-जा आणि तेवढ्यावर शिकवणं चाललं.

तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून अर्धं पान लिहून घे. हा कोर्स का घेतला, एवढंच. हाताने लिहायचं, फोटो काढायचा, पीडीएफ करायची, फाईलला नाव द्यायचं, अपलोड करायचं. मग बघ काय काय बाहेर येतं, फोटो आडवा, फाईल जड, 'स्कॅन १' नावाच्या सतरा फाईली, आणि अपलोड केलं पण सबमिट दाबलंच नाही हे तर दरवेळी. डेडलाईनच्या रात्री पावणेबाराला कळण्यापेक्षा हे आत्ता कळलेलं बरं. आणि तूही दोन दिवसांच्या आत त्या प्रत्येक पानावर दोन ओळी लिहून परत पाठव. कंटाळा येईल, तरी पाठव.

आता वेळ. "वेळ काढू मॅडम" असं सगळे म्हणतात, त्यावर जाऊ नकोस, कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करायला लाव. युरोपातल्या विद्यापीठांत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे ५ क्रेडिटचा एक विषय १५ आठवड्यांत संपवायचा तर आठवड्याला ८ ते १० तास झाले, आणि असे विषय तीन-चार असतात. तुमच्या कोर्सचा आकडा माहितीपत्रकात बघून घे. मग त्यांना मागचा आठवडा आठवायला सांग, जसा गेला तसा, नोकरी, प्रवास, घरचं काम, मोबाईलसुद्धा, आणि ते तास कुठून येणार ते त्यातच दाखवायला सांग. एखाद्याचा हिशोब बसणारच नाही. त्याला यंदा दोनच विषय घे म्हणायला लाजू नकोस, अॅडमिशन कमी दिसतील म्हणून वरचे कुरकुरतील, कुरकुरू दे.

अभ्यास कसा करायचा यावर लेक्चर देऊ नकोस, एकच गोष्ट करून दाखव. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ बघणाऱ्यांची हीच फसगत होते, बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, दीडच्या स्पीडला तर जास्तच. म्हणून दहा मिनिटांचा व्हिडिओ लाव, बंद कर, आणि कोऱ्या कागदावर काय उरलं ते लिहायला सांग. लिहिताना त्यांचे चेहरे बघ, पुढे तुला काही बोलावंच लागणार नाही.

अभ्यासाची वेळ घरच्यांना सांगून ठेवायला लाव, कारण घरात बसलेला माणूस रिकामाच आहे असं सगळ्यांना वाटतं.

आणि लाज. माझा एक विद्यार्थी तीन आठवडे एका प्रश्नावर अडून बसला होता, प्रश्नातला एक शब्द कळला नव्हता, विचारलं तर मूर्ख वाटेन म्हणून गप्प. वर्गात शेजारच्याला कोपर मारून विचारता येतं, इथे शेजारी कुणी नसतं. म्हणून ओरिएंटेशनमध्येच प्रत्येकाला तुझ्या नावाने एक ईमेल लिहायला लाव, खोटा प्रश्न असला तरी चालेल, विषय, नाव, रोलनंबर, कुठल्या पानावर अडलं ते. दुसरा ईमेल मग सोपा जातो.

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना फोन कर. "असाइनमेंट झाली का" विचारलंस तर "होतेय मॅडम" हेच ऐकू येईल. "कुठल्या पानावर आहेस" असं विचार.

ती पीपीटी आजच पाठव. निम्म्या स्लाईड कापून उद्या परत पाठवते.