जाळं, होडी आणि रोहित

प्रश्न : उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमची मासेमारी चालते, हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायच्या होड्याही. आता म्हणतात, पक्षी टिकवायचे तर जाळी बंद करा. दुसरा मार्ग नाही का?
– एक वाचक, भिगवण

उत्तर : आहे. रोहित पक्षी चोच उलटी बुडवून चिखलातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो, तुमच्या कटला माशाशी त्याला काही देणंघेणं नाही. भांडण आहे ते उथळ पाण्याच्या जागेचं. धरण उतरू लागलं की गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार होतात. थवे तिथे असतील तोवर तेवढे पट्टे सोडा आणि जाळी खोल पाण्यात लावा.

होडीचं इंजिन लांबच बंद करून पुढे बांबूने रेटा. चरणाऱ्या थव्याच्या माना एकदम वर आल्या आणि सगळे एकाच बाजूला चालू लागले, की तिथेच थांबायचं. आणखी पुढे गेलात तर थवा पाण्यावर धावत उडतो. पर्यटकाला फोटो मिळतो, मागच्या होडीला रिकामं पाणी!

वडापसारखी बारीक आसाची (छिद्रांची) जाळी मात्र बंदच हवीत, तीही पक्ष्यांपेक्षा तुमच्यासाठी. त्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, निघतात. रोहू-कटला अंड्यावर यायला साधारण दोन वर्षं लागतात. त्याआधीच उपसले तर जाळ्यात चिलापीच (तिलापिया) उरणार. फाटकं तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा) काठावर टाकू नका, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. गाळपेर (पाणी हटलेल्या गाळात शेती) करणाऱ्यांनी पाण्यालगतची वीसेक पावलं फवारणीविना ठेवावीत, कारण पावसाळ्यात तीच जमीन बुडते आणि औषध पाण्यात उतरतं. पाणी हटतं तशी ही हद्दही सरकते, म्हणून दर आठवड्याला हद्दीच्या काठ्या नव्याने रोवा.

पाणथळ जागा जपण्याच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. त्यामुळे हे सगळं मच्छीमार संस्थेच्या ठरावात, दंडासकट, लिहून घ्या. (शिकारीला १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच.)

प्रश्न : मुळा-मुठेतल्या जलपर्णीचं खत करून बचत गटाने विकावं का?
– एक वाचक, मुंढवा

उत्तर : भाजीपाल्यासाठी नको. सांडपाण्यातले जड धातू ही वनस्पती मुळांत साठवते. फुलण्याआधी काढा, कारण बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. काढलेला ढीग पूररेषेबाहेर न्या; काठावर ठेवला तर पहिल्या पुरात परत नदीत जातो. वजनावर मजुरी ठरवत असाल तर आधी निथळू द्या, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.