परीकथेतल्या दोघीजणी आणि नोकरीचा प्रश्न

प्रश्न : मी साहित्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अद्भुतकथा लिहिते. माझ्या कथांमध्ये राजकन्येचा जीव राजकन्येवरच जडतो. परीकथांमधल्या समलिंगी प्रेमावर पुढे अभ्यास करावा असं मनात आहे. बाबा म्हणतात, विषय फारच अरुंद आहे, आणि एकदा शिक्का बसला की नोकरी मिळणार नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जाला माझं लेखन जोडायचं आहे. या कथा जोडू की लपवू? एक कथा सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुझं पत्र वाचलं, आणि कथा दोनदा वाचली. बाबांची नोकरीची काळजी रास्त आहे, तिच्याकडे येतेच. पण विषय अरुंद आहे, हे मला अजिबात पटत नाही.

लोककथांचे अभ्यासक जगभरच्या कथांना प्रकारांनुसार क्रमांक देतात. आर्ने, थॉम्पसन आणि उथर यांच्या सूचीत 514 क्रमांकाचा एक कथाप्रकार आहे. मुलगी पुरुषवेशात घराबाहेर पडते, पराक्रम गाजवते, राजकन्येशी तिचं लग्न लागतं. आता पुढे काय? इथे कथा अडते, आणि कुणाच्या तरी शापाने ती मुलगी खरोखरच पुरुष होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या इफिसच्या कथेतही हेच होतं. मुलगा म्हणून वाढवलेल्या इफिस या मुलीचं आयँथी या मुलीवर प्रेम आहे, लग्न तोंडावर आलंय, आणि इसिस देवी इफिसला मुलगा करून टाकते. म्हणजे प्रेम कथेला चालतं, फक्त शेवटी दोघी दोघीच राहिलेल्या चालत नाहीत.

याच्या शेजारी विजयदान देथांची बीजा-तीजाची राजस्थानी कथा ठेव. बापाच्या लोभापायी मुलगा म्हणून वाढवलेली बीजा तीजाशी लग्न करते. सत्य कळल्यावरही दोघी एकत्र राहायचं ठरवतात. मग एक भूत त्यांना वर देतं आणि बीजा पुरुष होते. जुनी कथा इथेच संपली असती. देथांची पुढे जाते. पुरुष झाल्यावर बीजा तीजावर हुकमत गाजवू लागते, आणि अखेर ती पुन्हा बाई होते, तीजासोबत राहण्यासाठी. मला ही कथा फार मोलाची वाटते. जिथे परंपरा पळवाट शोधते, तिथेच देथांनी पाय रोवलेत. कथा कुठे वळण टाळते हे ज्याला दिसतं, त्याच्या हातात संपादकाचं निम्मं काम आलं.

कथेत थेट लेखकाचं आयुष्य वाचण्याच्या सवयीपासून मात्र सांभाळ. डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनने एडवर्ड कोलिन या मित्राला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत, त्यातली ओढ लपत नाही. कोलिनचं लग्न 1836 मध्ये झालं आणि अँडरसनची प्रेमभंग झालेल्या जलपरीची कथा 1837 मध्ये आली. एवढं आपल्या हाती आहे. ‘जलपरी म्हणजे अँडरसनच’ हा त्यावरचा अर्थ झाला, आणि तो अर्थ म्हणूनच मांडावा. प्रवेशाच्या मुलाखतीत तज्ज्ञ नेमकं हेच तपासतात.

आता पोटापाण्याचं. निव्वळ लघुकथा लिहून घर चालेल, असं मी तुला सांगणार नाही. लेखनासोबत एक कसब हवं : अनुवाद, बालसाहित्याचं संपादन किंवा अध्यापन. तुझ्याबाबतीत मी अनुवादावर बोट ठेवेन, कारण या कथा अनेक भाषांत विखुरल्या आहेत. आणखी एक भाषा मुळातून शिक, अगदी आजपासून. काम नाही असं नाही. दोन राजपुत्रांच्या लग्नाचं डच चित्रपुस्तक 2000 मध्ये आलं. एमा डोनोह्यूचा परीकथांच्या पुनर्कथनांचा संग्रह 1997 चा, मलिंडा लोची सिंड्रेलावर बेतलेली कादंबरी 2009 ची. अशा प्रत्येक पुस्तकामागे संपादक असतो, चित्रकार असतो, पुढे अनुवादक येतो. धोकाही आहे. हंगेरीत 2020 मध्ये अशा कथाही असलेला एक संग्रह निघाला, तेव्हा तिथल्या एका खासदार बाईंनी सगळ्यांदेखत त्याची पानं फाडली. या क्षेत्रात येताना हेही ठाऊक असलेलं बरं.

राहिला शिक्का. एखादीने राक्षसांवर प्रबंध लिहिला तर तिला कुणी राक्षसीण म्हणत नाही. तुझ्या विषयावरून तुझ्या खासगी आयुष्याचा अंदाज बांधण्याचा अधिकार कुणाला नाही, बाबांनाही नाही, मलाही नाही. कुणी विचारलंच, तर उत्तर द्यायचं की नाही आणि कधी, हे तू ठरवायचं. बाबांशी बोलताना वाद घालू नकोस, बीजा-तीजाची कथा त्यांना वाचून दाखव. त्यांना विषयाचं नाव माहीत आहे, त्यातली गोष्ट अजून माहीत नसावी.

अर्जाला एकच कथा जोड, तू पाठवलेलीच. तिच्यातलं विहिरीकाठचं संभाषण उत्तम जमलंय, एक शब्दही हलवू नकोस. पण शेवटी सूर्य उगवताच धाकटी राजकन्या बगळा होऊन उडून जाते, ते मला खटकलं. तिला उडून का जायचं होतं, हे कथेत कुठेच येत नाही. दोघींना सकाळी त्याच घरात जाग आली तर पुढे काय होईल, ते लिहून बघ. अर्जाची मुदत संपायच्या आत ती दोन पानं मला पाठव, मी वाचेन.