अब्राहाम की रूथ?

सदर, नागपूर

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डोळे मिटून बायबल उघडलंस, बोट ठेवलंस आणि उत्पत्तीचा 12 वा अध्याय निघाला. अब्राहामाला देव म्हणतोय, देश आणि नातलग सोडून निघ. जर्मनीची नर्सिंगची नोकरी पक्की, म्हणून तू खूश. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा उघडलंस तर रूथ निघाली, सासूची साथ सोडायला तयार नसलेली. आता विचारतेस, मावशी, देव नक्की काय म्हणतोय? रागावू नकोस, पण मला आधी हसूच आलं. तिसऱ्या दिवशी वंशावळ निघाली असती तर काय केलं असतंस?

हसू आलं कारण हा उद्योग मीही करून बसलेय. चोविसाव्या वर्षी बाहेरगावच्या शाळेत नोकरी मिळत होती. मला जायचं होतं, बाबांना ते पटत नव्हतं. बायबलातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला खळ्यात लोकर ठेवली होती ना, तशी मीही देवाला अट घातली: शुक्रवारपर्यंत नेमणुकीची ऑर्डर आली तर जाईन. ती आली नाही. देवाची इच्छा नाही, असं मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले. दहा-बारा दिवसांनी शेजारच्या काकू माहेराहून परतल्या आणि त्यांच्या दाराच्या फटीतून आत पडलेलं माझ्या ऑर्डरचं पाकीट घेऊन आल्या. खरं सांगू? मला बाबांशी वाद घालायचा नव्हता, म्हणून तो निर्णय मी देवाच्या गळ्यात टाकला होता. बायबलातल्या शास्ते या पुस्तकाचा 6 वा अध्याय पुन्हा वाच. काय करायचं ते गिदोनाला लोकरीच्या आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या भीतीसाठी होती.

आपल्यालाही बरंचसं आधीच सांगितलेलं आहे. मीखा 6:8 तुला संडेस्कूलपासून पाठ आहे: न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवाबरोबर नम्रतेने चाल. हे मेडिकलच्या वॉर्डात जितकं लागू आहे तितकंच जर्मनीतल्या वॉर्डात. म्हणजे कुठे राहायचं, हे ठरवायला त्याने तुला बरीच मोकळीक दिलीय. त्या मोकळिकीचीच तुला भीती वाटतेय, असा माझा अंदाज आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 16 वा अध्याय घे. पौल हा प्रेषित, त्याला आशिया प्रांतात (आशिया खंड नव्हे, तेव्हाचा रोमी प्रांत) वचन सांगायला मनाई झाली. बिथुनियाकडे वळला, तेही जमलं नाही. मग त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियातला माणूस मदतीला बोलावतोय. आता 10 वं वचन नीट बघ. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण देवाने बोलावलं असं अनुमान ‘आम्ही’ काढलं, असं हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणतो. चौघं बसून बोलली असतील. आणि पोहोचल्यावर काय झालं? फिलिप्पैत फटके, तुरुंग, पायांत खोडे. म्हणजे तिकडे त्रास झाला तर आपलं ऐकण्यात चूक झाली, असंही धरायचं नाही. गंमत म्हणजे तिथे पहिली ऐकणारी लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी, ती थुवतीराची. थुवतीरा त्या मनाई झालेल्या आशिया प्रांतातच! (हे मला फार उशिरा लक्षात आलं. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते.)

आता आपल्या गावाचं सांगते. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. ते काही पुढच्या स्टेशनावर ख्रिस्ती झाले नाहीत. वाचलं, वाद घातले, आणि 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोही पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. पुढे काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. नंतर लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःचा विचार पूर्ण झाल्यावर. टिळकांवर माझी फार श्रद्धा आहे. तरी त्या बाईने जे भोगलं ते वाचून मला दर वेळी वाटतं, आधी घरी सांगायला हवं होतं.

तू आईला अजून सांगितलेलं नाहीस. तिला ठाऊक आहे, बेटा. मागच्या बुधवारी मी आले होते तेव्हा तुझ्या एजन्सीचा कागद फ्रिजवर इन्सुलिनच्या रिकाम्या खोक्याखाली घडी घालून ठेवलेला होता. तू तो तिथे ठेवला नसणार. ती पोळ्या लाटत होती, एरवी तिची पोळी कागदासारखी असते, त्या दिवशी सगळ्यांचे काठ जाड राहिले.

तेव्हा आता बायबल उघड-मीट बंद. रविवारी उपासना झाली की तुम्ही दोघी माझ्याकडे जेवायला या. पास्टरांनाही बोलावते, पण त्यांच्याकडून निकाल मागायचा नाही हं, ते फक्त प्रार्थना करतील आणि वरण-भात खातील. येताना तो कागद आण. मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे भरायचे, जर्मन भाषेची बी-टूची परीक्षा नापास झालीस तर क्लासची फी कोणाच्या माथी, आणि तू नसताना आईची शुगर कोण बघणार, हे तिघी मिळून ओळीने वाचू. शेवटचं आईलाच विचारू. तिच्याकडे उत्तर तयार असेल, असं मला वाटतं.

तुझी,
मावशी